दार नसलेली गाडी

माझं शिक्षण चौथी. त्यात पास की नापास ते मास्तरांना ठाऊक, कारण निकालाच्या दिवशी मी साताऱ्याच्या एका गॅरेजात ट्रकखाली आडवा होतो, हातात पाना घेऊन. तेव्हापासून माझ्या नावावर शिकल्याचा कसलाही कागद नाही. पुढं इंग्लंडात आलो, लीड्सच्या बस डेपोत मी फिटर होतो. फोरमनची जागा निघाली की मॅनेजर गोड हसून विचारायचा, "सर्टिफिकेट?" मीही गोड हसायचो. मग ज्याला ती जागा मिळायची, तो आठवड्याभरात माझ्याकडेच यायचा, इंजिनात हा आवाज कसला येतोय ते विचारायला.

पंच्याऐंशी साली खाणकामगारांचा संप मिटला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात डेपोची ट्रिप समुद्रावर गेली. तिथं वाळूच्या कडेला मी ती गाडी पाहिली. बग्गी म्हणतात तिला. बुटकी, उघडी, मागची चाकं रुंद, आणि इंजिन मागं उघड्यावर टांगलेलं. मला ते इंजिन फार आवडलं. लपवाछपवी नाही. जे आहे ते लोकांसमोर.

"हिला छप्पर नाही," बायको म्हणाली.

"कशाला हवं?"

तिनं वर आभाळाकडं बघितलं आणि छत्री उघडली.

पण माझं ठरलं होतं. वाळूत पळणारी नाही, रस्त्यावर कायद्यानं चालणारी बग्गी मी स्वतः बांधणार. आमचं मराठी मंडळ होतं, अजून आहे. त्यात दोन प्रकारचे लोक: डॉक्टर, आणि डॉक्टर लोकांसाठी खुर्च्या मांडणारे. मी दुसऱ्या प्रकारातला सीनियर. खुर्च्या मांडता मांडता मी बग्गीचं बोलून गेलो. मंडळाचे अध्यक्ष, हाडांचे डॉक्टर, चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "वा मिस्तरी! पण वहिनी बसतील का त्यात?"

"पुढच्या गणपतीला तिला शेजारी बसवून हॉलच्या दारात आणतो," मी म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांचं बिस्किट चहात पडलं, पण ते माझ्यामुळं नसावं.

आता खरी अडचण घरात होती. मी बांधलेल्या वस्तूंवर बायकोचा विश्वास नव्हता. त्याला कारण एक घडीचा पलंग. पलंग उत्तम होता, फक्त तो सासूबाईंसकट मिटला. सासूबाईंना काही झालं नाही, त्या घाबरल्या एवढंच, पण बायकोनं तेव्हाच सांगून टाकलं, "यापुढं तुम्ही बनवलेल्या कशावरही, सरकारी कागद बघितल्याशिवाय मी बसणार नाही." म्हणजे मॅनेजर बाहेर होता तो होताच, एक घरातही.

मला कागदावर प्लॅन काढता येत नाही. लहान माप मोठं करायचं, मोठं लहान करायचं, हे चौथीच्या पुढचं गणित. म्हणून मी घरामागच्या अंगणातल्या फरशीवर खडूनं गाडी काढली, अख्खी, खऱ्या मापाची. चाकं, इंजिन, स्टिअरिंग, सगळं. माप सुतात. आमच्या गॅरेजात इंचाचे आठ सूत धरायचे, त्याच्या खाली फक्त देव. पाऊस आला की गाडी वाहून जायची आणि शनिवारी मी परत काढायचो. लीड्समध्ये खडूची गाडी फार टिकत नाही. एकूण किती वेळा काढली देव जाणे, पण दर खेपेला ती सुधारत गेली, हे खरं.

मग त्या रेघांच्या आत स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या ठेवल्या. एकीवर मी, हातात स्टिअरिंग म्हणून जेवणाचं ताट. दुसरीवर बायको. ती कोट शिवायच्या कारखान्यात होती, तिला मापाचं कळायचं. साडीच्या निऱ्यांना किती जागा, वर थंडीचा कोट घातला तर किती, पुढं पाय लांब करायला किती, सगळं तिनं टेपनं मोजून दिलं. शेजारचा म्हातारा इंग्रज भिंतीवर कोपरं टेकून बघत होता. तासाभरानं त्यानं विचारलं, ही बस सुटणार किती वाजता?

एक जुनी गोल जर्मन गाडी मिळाली, वरून गंजलेली पण खालून ठणठणीत. वरचं भंगारात दिलं. खालचा सांगाडा मधून फूटभर कापून परत वेल्ड केला, कारण बग्गीला लांबी नको असते. वर फायबरची टोपी, टोपी म्हणजे टबच, अंघोळीचा असतो तसा, त्यात दोन माणसं बसायची. तो एका माणसाच्या शेडमधून आणला. सोबत त्यानं गाडी कशी जोडायची त्याचं इंग्रजीत छापलेलं पुस्तक दिलं. मी ते जपून ठेवलं, न उघडता.

आणि बारीकसारीक कामं! आरशांना बसच्या आरशांचे दांडे. हॉर्न असा की गल्लीतली मांजरं घर बदलायची. डाव्या बाजूला डबा ठेवायला कप्पा, त्याला झाकण, झाकणाला कडी. सीटची कव्हरं बायकोनं कोटाच्या जाड कापडाची शिवली, आत अस्तर लावून. रंग भगवा म्हणावा तर नाही, नारिंगी म्हणावा तर नाही. मंडळात त्यावर दोन गट पडले. मी म्हटलं, हा डब्यावर लिहिलेला रंग आहे, वाचा.

गाडी रस्त्यावर आणायची तर आधी सरकारी टेस्ट. तिथं पहिल्यांदा नापास. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत होती. टेस्टवाला जाडजूड माणूस, टॉर्च घेऊन गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मला वाटलं झोपला. बाहेर येऊन म्हणाला, खालचं वेल्डिंग कोणी केलं? मी म्हणालो, मी. तो म्हणाला, मडगार्ड रुंद करून आण.

रुंद केले. दुसऱ्यांदा पास. माझ्या नावानं काहीतरी पास झाल्याचा आयुष्यातला पहिला कागद, आणि त्यावर शिक्का. मी तो आणून ओट्यावर ठेवला. तिनं हात पुसले, चष्मा लावला, मागनं-पुढनं वाचला आणि पर्समध्ये ठेवला.

"माझ्याकडं राहू दे," म्हणाली. "बसते."

गणपतीचा दिवस आला. पाऊस नाही, हेही लिहून ठेवतो, कारण कोणी विश्वास ठेवत नाही. ती जांभळ्या जरीच्या साडीत, अंबाडा घालून बाहेर आली. मी इंजिन चालू करून बसलो होतो. ती गाडीजवळ आली. थांबली. गाडीला एक फेरी मारली. परत तिथंच येऊन थांबली.

"अहो, दार कुठं आहे?"

बग्गीला दार नसतं. टांग टाकायची आणि आत उतरायचं. मी रोज टाकत होतो. पण फरशीवरच्या गाडीला बाजू म्हणजे नुसती खडूची रेघ होती, आणि रेघ ती साडीतसुद्धा सहज ओलांडत होती, शंभरदा ओलांडली असेल. फरशीवर उंची नसते. तीच रेघ आता तिच्या मांडीएवढी उभी होती. सगळं सुतात मोजलं आणि हे राहिलं.

"साडी जरा वर धरलीस तर..." मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं.

"मग उचलून ठेवतो."

"पोतं आहे का मी?"

शेजारचा म्हातारा शिडी घेऊन आला. फार सज्जन माणूस, पण वेळ चुकली. बायको कोपऱ्यावरच्या स्टॉपवर गेली आणि बसमध्ये बसली. मी मागोमाग निघालो. प्रत्येक स्टॉपवर बस थांबली की मीही थांबायचो, शेजारची सीट मोकळी, कव्हरला एक सुरकुती नाही. मागच्या काचेतून तिचा अंबाडा दिसत होता. वळून बघितलं नाही.

हॉलच्या दारात डॉक्टर उभेच होते, सगळं मंडळ घेऊन.

"मिस्तरी, गाडी झकास! वहिनी?"

"बसनं."

"म्हणजे तुम्हीच रिपेअर केलेल्या गाडीतून आल्या की! शब्द पाळला!"

लोक हसले. मला हसता येईना. गाडी बिघडली असं सांगून टाकावं, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात ती गर्दीतून पुढं आली. पर्स उघडली, कागदाची घडी उलगडून डॉक्टरांच्या हातात दिली.

"गाडी पास आहे," म्हणाली. "दार राहिलंय. काम चालू आहे."

डॉक्टरांनी कागद वाचला. वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ वाचला. कोणी हसलं नाही.

काम काही चालू नव्हतं. त्या टबाला मी रंगाचे तीन हात दिले होते, त्याला करवत लावायला मन होईना. वर बाजू कापली की टब लेचापेचा होणार. पाच दिवस मी गाडीकडं गेलो नाही. सहाव्या दिवशी ती कारखान्यातून शिंप्याचा चपटा खडू घेऊन आली, गाडीशेजारी उभी राहिली, पाऊल किती उचलतं ते बघितलं आणि त्या रंगावर पांढरी रेघ ओढली. यावेळी उभी.

"इथून कापा."

कापलं. खालून चौकोनी पाइपची चौकट वेल्ड केली, बिजागऱ्या बसच्या लॉकरच्या. दार बसलं. ती बसेल असं मला वाटलं.

"आधीचा कागद बिनदाराच्या गाडीचा आहे," ती म्हणाली.

परत टेस्ट. तोच जाडजूड माणूस. दार उघडून मिटून बघितलं, विचारलं, एकाच बाजूला का? मी म्हणालो, ड्रायव्हरला गरज नाही. पास. त्या संध्याकाळी ती दार उघडून आत बसली, पदर सावरला, कप्प्यात डबा ठेवला, कडी लावली. हॉलवरून दोन फेऱ्या मारल्या. हॉल बंद होता. तरी मी हॉर्न वाजवला.

माझ्या बाजूला दार अजून नाही. कापणारही नाही. नव्वद उलटल्यावर गुडघे गेले, म्हणजे साल नव्वद, मी नव्हे, आणि टांग वर जाईना. तेव्हापासून मी तिच्या दारातून आत शिरतो आणि गिअरच्या दांड्यावरून पलीकडं सरकतो. ती बाहेर दार धरून उभी असते.

"सरका लवकर," म्हणते. "मला बसायचंय."