तत्त्वतः मान्य झालेली वाट

आमच्या भाऊंना आयुष्यभर एकच गोष्ट मनापासून जमली, दुसऱ्याच्या दुःखाशेजारी बसून फोटो काढून घेणं. मी पोशीरच्या शेतकरी घरातली. कॉलेज संपल्या संपल्या त्यांच्या संघटनेत शिरले आणि कितीतरी वर्षं त्यांच्या सभांच्या सतरंज्या उचलल्या. त्यामुळे हे बोलायचा हक्क मला आहे.

भाऊ पुण्याहून आले आणि डोंगराखालच्या एका आदिवासी वाडीवर एक पावसाळा राहिले. राहिले म्हणजे काय, झोपडी गळायला लागली की कर्जतला लॉजवर. त्या पावसाळ्यावर पहिलं पुस्तक निघालं, पुस्तकावर पुरस्कार, पुरस्कारावर सरकारी समिती. वाडीवरच्या बायांना त्यांनी पुस्तकात 'माझ्या मायमाउल्या' म्हटलं. त्यातल्या एकीचंही नाव त्यांना कधी सांगता आलं नाही. सगळ्यांना सरसकट ताई म्हणून मोकळे.

मग वाडीच्या खालची जमीन मुंबईच्या एका मालकानं घेतली आणि फार्महाऊस बांधलं. वाडीची नदीवर जायची वाट त्याच जमिनीतून होती आणि मसणवटाही नदीकाठीच. कुंपण पडलं, फाटक बसलं, वॉचमन आला. त्या पावसात एक मयत ओढ्यातून न्यावं लागलं. खांदेकऱ्यांचे पाय सरकले आणि तिरडी पाण्यात पडली. मी तिथे होते. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

भाऊंनी तहसील कचेरीसमोर उपोषण मांडलं. बाया मजुरी बुडवून त्यांच्याशेजारी उपाशी बसल्या. दोन-तीन दिवसांनी एक साहेब आले, गोड बोलले, मागणी तत्त्वतः मान्य असल्याचं सांगून त्यांनी लिंबूसरबताचा ग्लास पुढे केला. भाऊंनी आधी फोटोवाला कुठे उभा आहे ते बघितलं, मग ग्लास तोंडाला लावला. एका बाईनं मला हळूच विचारलं, "मंग फाटक उघाडलं का गं?" तिची सासू तेव्हाच थकलेली होती आणि तिचं मयत तरी ओढ्यातून जाऊ नये एवढंच त्या बाईला हवं होतं. मी भाऊंना विचारलं. लढा आपण जिंकलोय, आता फक्त पाठपुरावा करायचा, असं ते म्हणाले. पाठपुरावा अर्थातच माझ्याकडे आला. साहेब बदलत गेले, मी खेटे घालत राहिले आणि भाऊ आत्मचरित्र लिहायला बसले.

यंदा त्याचं प्रकाशन झालं, आणि तेही त्याच फार्महाऊसवर. मालक म्हणे साहित्यप्रेमी निघाले. भाऊंना यात काही वावगं वाटलं नाही. उलट भाषणात त्यांनी मालकांचे आभार मानले आणि संवादाचे पूल बांधण्याबद्दल बरंच काही ऐकवलं. हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या, एका कोपऱ्यात चूल. पाहुण्यांना गरम भाकरी हवी म्हणून वाडीवरच्या बायांना त्या दिवसापुरतं फाटकातून आत घेतलं होतं. उपोषणाचं प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. पुस्तकात वाट खुली झाली होती. मला शिसारी आली, पण मी शेवटपर्यंत बसले, कारण हा माणूस कुठवर जातो ते मला बघायचं होतं.

कार्यक्रमानंतर भाऊ सह्या करायला बसले. उपोषणात फाटकाचं विचारणारी तीच बाई पिठाचे हात पुसत तिथे आली. मुखपृष्ठावर डोक्यावर मोळी घेतलेली ती स्वतःच होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. भाऊंनी 'ताईंस सप्रेम' लिहून एक प्रत तिच्या हातात दिली. ती फोटोकडे बघत राहिली.

"भाऊ, म्हातारीचं आता काय खरं नाय," ती म्हणाली. "ह्याच्यावर माजा फोटू हाय. ह्यो दाखवला तर वॉचमन आमाला मयत घेऊन सोडंल का?"

भाऊ हसले. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, ही निरागसता शहरात कुठे सापडणार. पाहुण्यांनी माना डोलावल्या. शेजारी उभे असलेले मालक मोबाईलमध्ये बघू लागले. तिनं मग माझ्याकडे बघितलं.

"नाय सोडायचा," मी म्हटलं.

तिनं पुस्तक भाऊंच्या पुढ्यात परत ठेवलं.

"मंग ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली. "म्हातारी गेली की सांगावा धाडते. तुमी या खांद्याला, वड्यातून."