तराजूताईंचे रिकामे तळवे

चोरीचा पंचनामा चोरानंच करायचा, असं कुठं चालतं, सांगाल? पोकरच्या हॉलमध्ये चालतं.

तिथं एकोणीस वर्षं पत्ते वाटणाऱ्या बाईंना, कुणाकडेही न झुकणाऱ्या म्हणून, खेळणारे तराजूताई म्हणायचे. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे कॅमेऱ्याकडे उलटेसुलटे करायचे, हातात काही लपवलेलं नाही हे दाखवायला, असा वाटणाऱ्यांचा नियम. ताईंच्या अंगात तो इतका मुरलेला, की घरी जेवून उठतानाही टाळी वाजायची. लेक म्हणायची, "आई, चमचे सगळे जागेवर आहेत गं, ऊठ आता!"

एका दुपारी पत्ते पिसताना अंगठ्याला चार पत्त्यांची कड खरखरीत लागली; उलटून पाहिले, तर चारही एक्के. कुणीतरी नखानं खुणा केल्या होत्या. त्या टेबलावर मालकाचे दोन पाहुणे सकाळपासून हरायचं नावच घेत नव्हते. ताईंनी खेळ थांबवला, कॅट पाकिटात घातला, वर सही केली आणि नियमाप्रमाणे हॉलच्याच तक्रारपेटीत टाकला. एकुलता एक पुरावा! भोळेपणाला औषध नाही.

सुनावणीला हॉलची समिती बसली. समितीत कोण? मालक, त्याचा मेहुणा आणि हॉलला पत्ते पुरवणारा व्यापारी.

"दाखवा बघू खरखर," मालक म्हणाला.

ताईंनी अंगठा फिरवला. कड लोण्यासारखी. "हा तो कॅट नव्हेच! पाकीटही फोडलंय."

"तपासायला फोडणारच की," मेहुणा हसला. "आणि ताई, खूण होतीच, तर नेमकी तुमच्याच अंगठ्याला बरी सापडली!"

त्याच दिवशी नोकरी गेली. दुसऱ्या हॉलांत त्या पोचण्याआधी बदनामी पोचली होती.

ताई वजनमापांच्या सरकारी कचेरीत गेल्या. तिथला कारकून वाईट नव्हता. "भाजीवालीचं वजन खोटं निघालं तर आमचा माणूस जातो, ताई. पत्त्यांना आमच्याकडे खातंच नाही. हॉलच्या समितीला भेटा."

आता ताई लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालतात. हॉलचं मीठ न खाणारा तपासनीस नेमा, असा अर्ज त्यांनी चारदा दिला. चारही वेळा तो 'संबंधितांकडे', म्हणजे मालकाकडेच गेला. घरी टाळी वाजत नाही. पाचवा अर्ज इस्त्रीच्या टेबलावर पडलाय, त्यावर सही एकटीची. लेकीनंही केली नाही. तिला नोकरी शोधायचीय.

यातून काही होईल असं ताईंना वाटत नाही, मलाही नाही. तरी कपडे टाकायला जाल तेव्हा तेवढी दुसरी सही तुमची करून या.