संजीवनीच्या गाडीची लखलखीत पट्टी

सिंगापूरला टॅम्पिनीस भागातल्या मराठी घरांत संजीवनीबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पाया लेबारच्या ऑफिसात एवढी मोठी ऑडिटर, आणि भिशीला येते तेव्हा नखांत काळं ग्रीस! दुसऱ्या पक्षात मी एकटाच आहे, पण माझा आवाज मोठा आहे.

त्या ग्रीसचं मूळ शहराच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला. तिथे अंकल लिम राहतात, गोदीत जहाजं दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला. त्यांची साठच्या दशकातली छोटी विलायती गाडी आहे. फिकट हिरवी, बेडकासारखे डोळे. इथे असल्या गाड्या वर्षातून मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येतात. बाकीचे दिवस त्यांची सेवा करायची. तिथे मैत्रिणीकडे गेलेली संजीवनी इमारतीखाली ही गाडी बघून थांबली, ती थांबलीच. दर रविवारी जाऊन अंकलकडून पाना धरायला शिकली. बायका देवळात जातात, ही गाडीखाली जाते, असं तिची सासू पुण्याहून फोनवर सगळ्यांना सांगायची. कौतुकानं की काय, ते तिलाच ठाऊक.

पुढे अंकलचे गुडघे गेले. त्यांनी गाडी संजीवनीकडे ठेवायला दिली, पण अट घालून. "बॉनेटखाली हात फक्त तुझा. तुमच्या त्या गाडीपूजेच्या सणाला मला समुद्रावर फिरवून आण. जमलं तर गाडी तुझी. नाही जमलं तर क्वालालंपूरचा भाचा नेईल." हा भाचा रेस्टॉरंटवाला. गाडी काचेआड उभी करून शोभेला ठेवणार, चालवणार कधीच नाही. 

आता विवेकबद्दल. विवेक म्हणजे तिचा नवरा. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याचे हात शिवशिवतात.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे आमच्या इमारतीच्या कार पार्कमध्ये जमलो. गाडीला लिटल इंडियातल्या झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. अंकल लिम इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसलेले. आरती झाली. संजीवनीनं चोक ओढला आणि सेल्फ मारला.

गाडी बाळंतिणीसारखी कण्हली आणि गप्प.

"बॅटरी गेली, वहिनी," शेजारचा प्रबोध म्हणाला. प्रबोध आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. "माझ्या गाडीवरून केबल जोडतो."

"काल रात्रभर चार्जिंगला होती भावजी."

"मग बंद करून परत चालू करा!"

तिनं परत सेल्फ मारला. दिवे मंदावले, आणि चोकच्या बटणापाशी धुराची बारीक रेघ निघाली. संजीवनीनं तिथे बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"आणखी एकदा मारून बघा ना," प्रबोध म्हणाला.

"किल्लीला हात लावाल तर खबरदार!" ती म्हणाली आणि बोट फुंकत उभी राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "चोकची तार का तापावी? तिचं काम ओढण्याचं."

मला तिनं नंतर समजावलं ते असं. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं. बॅटरीतली वीज सेल्फमधून इंजिनात येते. तिथून बॉडीमार्गे बॅटरीकडे परतायला तांब्याच्या तारांची विणलेली एक रुंद पट्टी असते, अर्थिंगची. ती वाट बंद झाली, की बिचारी वीज मिळेल त्या बोळातून घुसते. इथे बोळ म्हणजे चोकची बारीक तार. आणखी दोनदा सेल्फ मारला असता तर माळेसकट गाडी पेटली असती.

संजीवनीनं खाली वाकून बघितलं. काळपट, तेलकट असायला हवी ती पट्टी देवघरातल्या पळीसारखी चमकत होती.

"विवेक!"

विवेक ताम्हणाच्या मागे लपायला बघत होता. "अगं, काल देवाची भांडी घासत होतो. म्हटलं, पूजेला गाडी मांडायची आणि आत एवढी मळकी पट्टी? काढली, चिंच-मीठ लावून घासली. परत काळी पडू नये म्हणून वर व्हार्निशचा हात दिला. दोन्ही टोकांनासुद्धा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सरप्राइज होतं गं."

व्हार्निशमधून वीज जात नाही, एवढं आता मलाही कळलं. संजीवनीनं पट्टी सोडवली, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं खरवडून उघडी केली, बॉडीवर ती बसते ती जागाही घासली आणि बोल्ट आवळले. दसऱ्याच्या पैठणीवर तेलाचा डाग पडला, त्याकडे तिनं पाहिलंही नाही.

सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात गुरगुरायला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अंकलनी हात वर केला.

"पट्टीला कोणी हात लावला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी मराठीत हळूच संजीवनीला म्हणालो, "सांग मीच लावला म्हणून. म्हाताऱ्याला आपलं बोलणं कुठे कळलंय!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की हिशेबात घोळ करणाऱ्या साहेबांची काय गत होत असेल ते मला समजलं. मग अंकलकडे वळून म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं. माझ्या नकळत. अट मोडली, अंकल."

अंकलनी विवेकला नखशिखांत न्याहाळलं.

"अटीचा अर्थ एवढाच, गाडीत बिघाड झाला तर तो तू दुरुस्त करायचा," ते आपल्या सिंगापुरी लकबीत म्हणाले. "नवरा हासुद्धा एक बिघाडच, लाह. चल, उशीर होतोय."

लिंबू फोडून गाडी निघाली. पुढे अंकल, मागे आरतीचं तबक मांडीवर घेऊन अंग चोरून बसलेला विवेक. समुद्रावरून ती अंकलना त्यांच्या इमारतीपाशी सोडायला गेली. फेरी संपली की किल्ली अंकलच्या हातावर ठेवायची तिची शिकत होती तेव्हापासूनची सवय; तशी तिनं पुढे केली. अंकलनी दोन्ही हात खिशात घातले आणि लिफ्टकडे चालायला लागले.