साखरपुड्यातला कोळी

हिम्मतराव कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. काम बरण्या पुसायचं. पण तीस वर्षं बरण्या पुसता पुसता हा भला माणूस कोळ्यांच्या नादी लागला तो लागलाच. हैदराबादेत, नामपल्लीच्या दोन खोल्यांच्या घरात हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटल्या, झाकणांना भोकं, आत एकेक कोळी! गल्लीत कुणाच्या मानेवर फोड उठला आणि "कोळी फिरला" म्हणत घरचे लेप लावायला बसले की हिम्मतराव भडकायचे. "फोड दिसला की कोळ्याच्या नावाने बिल फाडता काय? डॉक्टरला दाखवा, हौले कुठले!"

लोक त्यांना कोळीराव म्हणू लागले आणि बायको, मालनबाई, लाजेनं अर्धी झाली. होणारच की! पोरीला, त्रिवेणीला, पाहायला आलेली दोन स्थळं त्या बाटल्या बघून चहा न पिता उठली होती.

तिसरं स्थळ जमलं ते १९९३ साली, तेही पाहण्याचा कार्यक्रम देवळात उरकला म्हणून. मुलगा कुलदीप आबिड्सला परदेशी वस्तूंच्या दुकानात होता. तेव्हा फॉरिनच्या मालाचं भारी वेड, त्यामुळे पोराचा भाव वधारलेला. त्याची आई सावित्रीबाई मात्र भारी करारी.

"अहो, माझ्या गळ्याची शपथ आहे," मालनबाईंनी बजावलं. "उद्या साखरपुड्यात कोळ्याचा क सुद्धा काढायचा नाही."

बाटल्या गुपचूप कॉलेजात गेल्या. पोरीपेक्षा कोळी मोठे का? हिम्मतराव नवा सदरा घालून मुकाट बसले. बिचाऱ्याला घर ओकंबोकं वाटत होतं.

ओटी भरली गेली. आता साखर वाटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात कुलदीपनं कौतुकानं भेटीचं खोकं पुढे ओढलं. परदेशी टेपरेकॉर्डर! सावित्रीबाई वाकून पाहू लागल्या. त्यानं झाकण उघडलं आणि आतून भला मोठा कोळी सुर्रकन निघाला, तो थेट सावित्रीबाईंच्या खांद्यावर.

"अगं आई गं!" एकच कालवा झाला.

"फॉरिनचा आहे! जहरी असतात हे!" कुलदीपनं चप्पल उगारली.

हिम्मतरावांच्या तोंडाशी शब्द आला. समोर मालनबाईंचे वटारलेले डोळे. बोलावं तर लग्न मोडेल, न बोलावं तर विहीणबाईंना चावा बसेल. मेलं ते लग्न!

"चप्पल खाली!" ते गरजले. "दाबलात तर चावेल. विहीणबाई, दगडासारख्या बसा."

आणि उठली कोण? नवरी! त्रिवेणीनं ताटातला स्टीलचा पेला उचलला, कोळ्यावर अलगद पालथा घातला, साखरपुड्याची जाड पत्रिका खालून सरकवली. झालं.  

सावित्रीबाईंना घाम फुटला होता. "कुठं शिकलीस गं हे?"

त्रिवेणीनं आईकडे पाहिलंच नाही. "बाबांकडे. आमच्या घरात कोळ्यांच्या बाटल्या असतात. आजच हलवल्यात."

हिम्मतरावांची छाती भरून आली, पण मनात आलं, गेलं हेही स्थळ! आता लपवायचं तरी काय उरलं होतं? त्यांनी लेकीच्या हातातला पेला खिडकीपाशी नेऊन पत्रिका जरा तिरकी केली, फटीतून पाहिलं.

"हा इथलाच, झुरळं खाणारा. गोदामात खोक्यात शिरला असेल. खोक्याचा देश कळला म्हणून कोळ्याचा कळत नाही. पण जावईबापू, बाहेरच्या मालातून एखाद वेळी खरंच विषारी जीव येतो. आधी खोकं झटकायचं. आत हात घालायचा तर हातमोजे घालून. चावलाच तर लेप नक्को, तडक दवाखाना."

सावित्रीबाईंनी पदर सावरला. उठल्या. मालनबाईंनी डोळे मिटून घेतले.

सावित्रीबाईंनी साखरेची वाटी उचलली आणि पहिली चिमूट हिम्मतरावांच्या तोंडात घातली.

"व्याही, आमच्या माडीवर दुकानच्या मालाची अशी अकरा खोकी पडलीत," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी या. आणि रिकाम्या हातानं येऊ नका, बाटल्या घेऊन या."