कुलपाचं ऐकणाऱ्या सासूबाई

माझ्या सासूबाई कुठल्याही नव्या घरात शिरल्या की आधी दाराचं कुलूप बघत. जर्मनीत आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा प्रवासाने त्यांचे पाय टम्म सुजले होते. मी दार उघडून "या ना आई, आत या" म्हणत होते आणि त्या उंबऱ्यातच उभ्या. माझ्या हातातली किल्ली घेतली, दार बाहेरून ओढून घेतलं, कान लाकडाला लावला आणि किल्ली दोनदा फिरवली. माझा नवरा निखिल दोन्ही बॅगा धरून जिन्यात ताटकळत होता.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "जरा उर्मट आहे, पण चांगलं आहे." मग चपला काढल्या.

मिरजेच्या एका सहकारी बँकेत त्यांनी सव्वीस वर्षं लॉकर सांभाळले होते. एक किल्ली बँकेची, एक गिऱ्हाइकाची, दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. पावसाळ्यात दमट हवेने कुलपं आखडायची आणि नेमका तेव्हाच गौरी-गणपतीसाठी दागिने काढायला बायकांची रांग लागायची. एकदा एका बाईंचा लॉकर काही केल्या उघडेना. घरी गौरी बसायची वेळ झालेली. मॅनेजर म्हणाले, कंपनीचा माणूस बोलवा, कुलूप फोडू. सासूबाई लॉकरसमोर स्टूल घेऊन बसल्या आणि वीस मिनिटांत तो उघडून त्या बाईंना रिक्षात बसवून आल्या. ही हकिकत सांगताना त्या शेवटी म्हणायच्या, "कुलपाशी भांडायचं नसतं गं. त्याला विचारायचं असतं, बाबा, तुझं कुठे दुखतंय?"

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, पण लांबूनच. लग्नाला चार वर्षं झाली असली तरी आमची दोघींची ओळख फोनवरचीच होती. शिवाय त्या येण्याच्या दोनच महिने आधी मी एक जुनी मोटरसायकल घेतली होती. आम्ही राहतो ते बॉब्लिंगेनपासून वीस किलोमीटरवरचं एक खेडं. गाडी निखिल ऑफिसला नेतो, तेव्हा मला स्वतःचं काहीतरी हवं होतं. लायसन्ससाठी मी सहा महिने घाम गाळला होता. सून मोटरसायकल चालवते हे पाहून त्या काय म्हणतील, या धास्तीने मी ती अंगणात कव्हरखाली झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कव्हर उचलून पाहिलं आणि पुन्हा होतं तसं झाकून ठेवलं. ते मला जास्त झोंबलं.

आणि मग तो गुरुवार उजाडला.

पुण्यात माझ्या बाबांची बायपास सोमवारी ठरली होती. शनिवारचं विमान होतं. पण माझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड संपत आलं होतं. नवं कार्ड हातात नसताना भारतात गेले असते तर परत येणं अडलं असतं. कार्ड घ्यायचा टेर्मीन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, गुरुवारी सव्वानऊची, बॉब्लिंगेनच्या आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत. पुढचा टेर्मीन मिळेल तेव्हा मिळेल. निखिल गाडी घेऊन न्युरेम्बर्गला गेलेला. त्यात आदल्या दिवशी जाहीर झालं की उद्या श्ट्राइक. एस-बानची लोकल नाही, बस नाही. सकाळी टॅक्सीवाला म्हणाला, दोन तासांनी बघू.

"तुझी ती गाडी आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

रात्रभर पाऊस कोसळला होता आणि सकाळीही थांबायचं नाव नव्हतं. आठ वाजता मी रेनसूट चढवून अंगणात गेले. वाऱ्याने कव्हर उडून कुंपणाला अडकलं होतं आणि मोटरसायकल नखशिखांत भिजली होती. इग्निशनच्या कुलपात किल्ली घातली, तर ती अर्धी जाऊन अडली. काढली, पुन्हा घातली, दाबली. आत गेली एकदाची, पण फिरेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला. किल्ली वाकल्यासारखी वाटली.

"मुक्ता! हात काढ! आधी हात काढ!"

सासूबाई बाल्कनीतून ओरडत होत्या. अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. मिनिटभरात त्या खाली आल्या. साडीवर निखिलचं जॅकेट, पायात माझे बूट, हातात छत्री. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि ती माझ्यावर न धरता कुलपावर धरायला लावली. किल्ली हलकेच बाहेर काढून डोळ्यांसमोर धरली, मग हुंगली.

"यात काय घातलं होतंस?"

"मागे जरा अडकत होती म्हणून... स्प्रे मारला होता."

"कसला?"

"चेनला मारतात तो."

"चिकट असतो?"

मी मान हलवली. चेनवरून उडू नये म्हणून तो चिकटच असतो, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं.

"म्हणजे धूळ आत धरून ठेवली त्याने, आणि आता वर पाणी. कुलूप बिघडलेलं नाही, त्याचं नाक चोंदलंय. दुसरी किल्ली कुठे आहे? न वापरलेली? रोजच्या किल्लीचे दात झिजतात. ही तर तू वाकवलीयस पण."

मी वर धावले. ड्रॉवर उपसून किल्ली शोधली आणि दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आले, तोवर तळमजल्यावरचे हेर ब्रेनर अंगणात अवतरले होते. वय ऐंशीच्या पुढे, स्वतःची गाडी कधीच सोडून दिलेली, पण अंगणात काही घडतंय म्हटल्यावर हातात तेलाचा स्प्रे घेऊन हजर. ते नळी कुलपाला लावणार इतक्यात सासूबाई मधे उभ्या राहिल्या.

"नाइन!" त्यांना जर्मन शब्द पाच येत असतील. त्यातला हा नकार सगळ्यात पक्का.

"डॉख!" हेर ब्रेनर म्हणाले. म्हणजे, घालायचंच!

"नाइन, नाइन! मुक्ता, त्यांना सांग, तेलावर तेल ओतलं तर आणखी लगदा होईल. आधी धुवायला हवं. स्पिरिट आहे का विचार."

मी सांगितलं. म्हाताऱ्याने क्षणभर त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं ते पुटपुटले. "श्पिरिटुस." आणि तळघराकडे चक्क पळत गेले. काचा पुसायच्या स्पिरिटची अख्खी बाटली घेऊन आले.

घड्याळात आठ वीस. सासूबाईंनी नवी किल्ली स्पिरिटमध्ये बुडवली, कुलपात घातली, काढली, पदराला पुसली. पदरावर काळा ओघळ. पुन्हा बुडवली, पुन्हा घातली. दहा वेळा, बारा वेळा. दर वेळी किल्ली जरा जास्त आत जात होती आणि दर वेळी मी मोठ्याने ओरडत होते, "गेली! अजून गेली!" हेर ब्रेनर ओल्या हिरवळीवर गुडघे टेकून बाटली धरून बसले होते. त्या काठापदराच्या साडीची वाट लागली, पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता?

शेवटी किल्ली मुळापर्यंत बसली. सासूबाईंनी ती दोन बोटांनी फिरवली. फिरली नाही.

माझे डोळेच भरून आले. "जाऊ दे आई. नाही होणार आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुलपाशी कान नेला. "आत सगळं सुटलंय. पण काहीतरी दाबाखाली आहे. या किल्लीने आणखी काय बंद होतं?"

"हँडल. चोरू नये म्हणून लॉक होतं."

"मग रडतेस काय! दार फुगलं की आपण काय करतो? दार ओढून धरतो आणि मग किल्ली फिरवतो. आत कडी दाबली गेलीय. हँडल हलव. हळू. हळू गं, म्हैस ओढल्यासारखी नको!"

मी छत्री टाकली आणि हँडल डावीकडे जरासं रेटलं. काही नाही. सैल सोडून पुन्हा रेटलं.

खट्.

किल्ली त्यांच्या बोटांत अलगद फिरली आणि मीटरवरचा हिरवा दिवा लागला. मी किंचाळले. हेर ब्रेनर "सुपर! सुपर!" करत टाळ्या वाजवू लागले. बटण दाबताच इंजिन धडधडलं तसं सासूबाईंनी दोन्ही हात वर केले. बँकेत सव्वीस वर्षं गंभीर चेहऱ्याने बसलेली ही बाई पावसात चिंब भिजून लहान मुलीसारखी हसत होती.

"तिथे हँडल लॉक करू नकोस," त्यांनी बजावलं. "आणि जपून जा. वेळ आहे."

कचेरीत पोचले तेव्हा नऊ बारा झाले होते. रेनसूटमधून पाणी ठिबकत मी खुर्चीत बसले, आणि साडेनऊला कार्ड माझ्या खिशात होतं. घरी फोन लावला तर उचलल्याबरोबर पहिला प्रश्न आला, "उघडलं ना परत?"

दुपारी दोघींनी मिळून कुलूप नीट साफ केलं, ड्रायरने वाळवलं. त्यांनी शिसपेन्सिल मागितली, किल्लीच्या दातांवर गिरगटली आणि तीच भुकटी आत जाऊ दिली. बँकेतही हेच करत असणार. "आता याला तेल दाखवशील तर माझ्याशी गाठ आहे," असं म्हणाल्या.

शनिवारी त्याही माझ्याबरोबर निघाल्या. त्यांच्या व्हिसाचे अजून दोन महिने शिल्लक होते. "अहो आई, तुम्ही कशाला?" म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझी आई दवाखान्यात एकटी बसेल." आणि खरंच त्या माझ्या आईजवळ पाच तास बसून राहिल्या. बाबा बरे झाले.

पुढे एकदा त्यांचा फोन आला. "मुक्ता, लर्निंग लायसन्सला वयाची वरची अट असते का गं?" मी नेटवर शोधून सांगितलं. निखिलला त्यांनी कळवलं ते थेट स्कूटर दारात आल्यावर. तो चिडला, मग हसत सुटला.

सासूबाई गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. चार दिवसांचा ताप, बस. त्यांची आठवण निघाली की मला मिरज स्टेशनबाहेरची ती सकाळ दिसते. मी बॅग घेऊन रिक्षा शोधत होते आणि समोरून हॉर्न वाजला. पांढरं हेल्मेट, पंजाबी ड्रेस, चौसष्ट वर्षांच्या सासूबाई स्कूटरवर.

"अहो आई, बॅग जड आहे. गाडी द्या, मी चालवते."

"का? गाडी माझी आहे. बस मागे."

मी मागे बसले. त्यांनी गाडी अशी काही सोडली की धरायला दुसरं काही सापडेना, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.