नऊ वेळा जुळवलेले टोले

भिंगकाकांचा स्वभावच चौकस. डाव्या डोळ्याला भिंग चिकटवून घड्याळं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली, पण घड्याळ नुसतं चालू झालं म्हणून गडी कधी खूश झाला नाही. ते बिघडलं का, हे कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. बायको म्हणायची, "नसत्या चौकशांचा पगार मिळाला असता ना, तर आज आपला बंगला असता!"

पोलीस ठाण्यातलं टोल्यांचं घड्याळ तीस वर्षं त्यांच्याच हातातलं. आठवड्याला किल्ली दिली की तक्रार म्हणून नाही. गेल्या आठ महिन्यांत मात्र ते नऊ वेळा चुकलं. काटे अगदी बरोबर, टोले भलतेच. असं कशानं होतं, हे काकांना पाठ होतं. काटे मागे नेऊन पुन्हा पुढे आणले, की तेच तास घड्याळ दुसऱ्यांदा मोजतं आणि टोले तेवढे पुढे पळतात. पण काटे फिरवतं कोण, आणि कशाला?

"दमट हवा असेल हो," हवालदार म्हणायचा.

"हवेला हात असतात का?" काका विचारायचे. हवालदार हसायचा. काका टोले जुळवायचे, वहीत तारीख टिपायचे आणि डोकं खाजवत घरी यायचे.

मग एका संध्याकाळी शेजारची गवंड्याची बायको फोटो घेऊन आली. आठ महिन्यांपूर्वी वस्तीच्या समितीनं भांडून एक नियम करून घेतला होता. ठाण्यात आणलेल्या माणसाचा आल्या आल्या घड्याळाखाली फोटो काढायचा, म्हणजे आत मारहाण झाली तर लपणार नाही. गवंड्याला परवा चोरीच्या संशयावरून सकाळी आठला नेलं होतं. सुटला तो मनगट मोडून. फोटोत वाजले होते आठ, आणि मनगट टम्म सुजलेलं.

"पोलीस म्हणतात, हा हात मोडूनच आला. काका, निघताना त्याच हातानं त्यानं पोरीला कडेवरून उतरवलं हो! उद्या समितीपुढे माझं कोण ऐकणार?"

काकांनी भिंग लावून फोटो पाहिला. मग वही उघडली. नियम आठ महिन्यांचा, आणि बिघाडही आठ महिन्यांचा. त्यांनी वही पिशवीत घातली.

सकाळी ठाण्यातून बोलावणं आलंच. "अकराला समिती बसतेय. तेवढे टोले नीट करून टाका," हवालदार घाईत म्हणाला. काकांनी झाकण उघडलं, किल्ली दिली, झाकण लावलं. टोल्यांना हात लावला नाही. मग कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले.

समिती त्याच खोलीत अकराच्या जरा आधीच बसली. ठाण्याच्या साहेबांनी फोटो पुढे सरकवला. "आठ वाजलेले स्पष्ट दिसताहेत. घड्याळ काही खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत," काका उठून म्हणाले. "दोन मिनिटं थांबा."

अकरा वाजले. घड्याळानं दोन टोले दिले आणि गप्प झालं.

काकांनी सगळं उलगडून सांगितलं. तीन टोले पुढे, म्हणजे काटे तीन तास मागे नेलेले. फोटो आठचा नाही, अकराचा. गवंड्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"असं आधी कधी झालंय?" समितीच्या बाईंनी विचारलं.

काकांनी वही पुढे केली. "नऊ वेळा. तारखा आहेत."

"मग त्या वेळचे चुकलेले टोले कुणी ऐकले असतील ना? काही पुरावा?"

"होता, बाई," काका म्हणाले. "दर वेळी टोले जुळवून मीच तो पुसला."