नट कुणी आवळला

सायकलचं दुकान म्हाताऱ्याने उभं केलं, पण आता पाना मुलाच्या हातात. ब्रेक दाबला की हँडल खडखडतं म्हणून मास्तर आले, तर पोराने खालचा नट जन्माचा वैरी सापडल्यासारखा करकचून आवळला.

"अरे, किंचित ढिला ठेव. वरचा नट बसला की उरलेलं तो आवळतो."

"बाबा, गप्प बसा हो!"

संध्याकाळी मास्तर कोपर सोलून परत आले. वळणावर हँडल वळलंच नव्हतं.

"बाबांनी हात लावला होता," पोरगा बेधडक म्हणाला. "सांगून ऐकत नाहीत."

म्हाताऱ्याने दोन्ही नट सोडून पुन्हा बसवले. हँडल अलगद फिरलं.

"तुम्ही जवळ उभे होतात म्हणून बरं," मास्तर पोराला म्हणाले.

"काय करणार, लक्ष ठेवावं लागतं."